पट्टा काळा होण्याआधी

तोक्यो, १८७८. निहोनबाशी भागातल्या एका गल्लीत तुम्ही लाकडी खडावा उंबऱ्याबाहेर काढता आणि वाकून आत शिरता. औषधी लेपाचा उग्र वास नाकात भरतो. हा आधी हाडवैद्याचा दवाखाना आणि मग डोजो, म्हणजे झुंजविद्येची शाळा. पुढच्या बाजूला हात गळ्यात बांधलेला एक हमाल आपली पाळी यायची वाट बघतोय. मागच्या लहानशा खोलीत, पेंढ्याच्या जाड तातामींवर, कुणीतरी धाडकन पडतं. उठतं. पुन्हा पडतं.

हाडवैद्य फुकुदा हाचिनोसुके पन्नाशीचे आहेत. तेनजिन शिन्यो-र्यू या जुजुत्सूच्या घराण्याचे ते गुरू. सामुराईंचे दिवस होते तेव्हा अशा गुरूंना मान होता. मग सामुराईंचे वंशपरंपरागत तनखे बंद झाले, १८७६ साली कमरेला तलवार लावायलाही बंदी आली, आणि जुजुत्सूच्या गुरूंवर हाडं बसवून पोट भरायची वेळ आली.

तो पडणारा आणि उठणारा मुलगा सतरा वर्षांचा आहे. उंची पाच फूट दोन इंच, अंगावर जागोजागी लेपाच्या पट्ट्या. कोबेजवळच्या मिकागे गावच्या साके गाळणाऱ्या सधन घरातला, आता तोक्यो विद्यापीठाचा विद्यार्थी. वसतिगृहात दांडगट पोरांनी छळलं म्हणून हा जुजुत्सू शिकायला निघाला. वडिलांना ते पसंत नव्हतं, तरी निघाला. नाव कानो जिगोरो. आत्ताच गुरूंनी टाकलेल्या डावात हात कुठे होता आणि पाय कुठे होता, हे तो विचारतोय. फुकुदा समजावून सांगत नाहीत. जवळ बोलावतात आणि त्याच डावाने पुन्हा फेकतात. तो पुन्हा विचारतो. पुन्हा तेच.

तुम्हीही शिष्य म्हणून नाव घालता. आधी पडायला शिकता: हनुवटी छातीला, तळवा तातामीवर सपकन. मग डाव. शिकवणं कसं, ते तुम्ही पाहिलंच आहे. बाही धरली जाते, छत दिसतं, पाठ टेकते. एवढाच धडा, रोजचा.

महिने जातात आणि एक दिवस मनात येतं, आपण कुठवर आलो? याचं उत्तर या खोलीत मिळायचं नाही. जुन्या घराण्यांत दर्जे आहेत, पण मोजके. डावांची यादी लिहिलेली गुंडाळी मिळते ती मोकुरोकु. मग मेन्क्यो, म्हणजे शिकवायचा परवाना. शेवटी काइदेन, घराण्याची सगळी विद्या हाती आल्याची खूण. नावं आणि संख्या घराण्यागणिक थोडी बदलतात, पण एका दर्जापासून दुसऱ्यापर्यंत वर्षानुवर्षं जातात, हे सगळीकडे सारखं. परीक्षेचा दिवस ठरलेला नसतो. गुरूंच्या मनात आलं की ते बोलावतात, गुंडाळी हातात ठेवतात आणि शिष्य रिवाजाप्रमाणे दक्षिणा ठेवतो.

या पद्धतीला मी नावं ठेवणार नाही. रोज अंगावर घेऊन शिकवणाऱ्या गुरूला शिष्य जितका कळतो तितका कुठल्याही परीक्षकाला कळत नाही. पण दार बंद आहे. आत काय ठरलं, कशावरून ठरलं, हे बाहेरच्याला दिसत नाही. आणि दोन गुंडाळ्यांमधली ती लांबच लांब वर्षं शिष्याने कशाच्या आधाराने काढायची, याची सोय कुणी केलेली नाही.

डोजोत फुकुशिमा नावाचा एक धिप्पाड गडी येतो, मासळीचा व्यापारी. कानोला तो दर वेळी लोळवतो. कानो वाचनालयात जाऊन पाश्चात्त्य कुस्तीचं पुस्तक धुंडाळतो, त्यात एक डाव सापडतो, मित्रांना पकडून पकडून तो घटवतो. मग एका संध्याकाळी तुमच्या डोळ्यांदेखत तो फुकुशिमाच्या मांड्यांमध्ये हात घालतो, खाली बसल्यासारखा वाकतो आणि त्या अजस्र माणसाला खांद्यांवर आडवा उचलून पलीकडे टाकतो. पुढे याच डावाला काता-गुरुमा म्हणतील. आज मात्र या विजयाची कुठे नोंद होत नाही. काल कानो जिथे होता तिथेच आजही आहे, कारण मधे पायरीच नाही.

पुढच्या वर्षी, १८७९ च्या ऑगस्टमध्ये, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट तोक्योत येतात. उद्योगपती शिबुसावा एइइची यांच्या असुकायामाच्या घरी त्यांच्यासमोर जुजुत्सूचं प्रात्यक्षिक होतं. फुकुदा असतात, कानो असतो. त्यानंतर काही दिवसांतच फुकुदा वारतात. घरची माणसं घराण्याच्या गुंडाळ्या कानोच्या हाती सोपवतात आणि अठराव्या वर्षी तो त्या डोजोचा प्रमुख होतो. कुठलीही परीक्षा न देता.

आता तीन वर्षं पुढे या. १८८२, तोक्योच्या शिताया भागातलं एईशोजी नावाचं बौद्ध मंदिर. कानो एकवीस वर्षांचे आहेत, सरदारांच्या मुलांच्या गाकुशूइन शाळेत शिकवतात आणि मंदिराच्या एका भागात भाड्याने राहतात. इथे बारा तातामींवर त्यांनी आपली शाळा काढली आहे, कोडोकान. जुजुत्सूच्या दोन घराण्यांतून घेतलेल्या विद्येची त्यांनी नव्याने मांडणी केली आणि तिला ज्युदो म्हटलं. पहिल्या वर्षी शिष्य किती, तर नऊ.

तुम्हाला आधी एका वहीत शपथ लिहावी लागते. कारणाशिवाय शिकणं सोडणार नाही, डोजोच्या नावाला बट्टा लावणार नाही, परवानगीशिवाय कुणाला शिकवणार नाही. खाली नाव, आणि नावाखाली बोटाला टोचून रक्ताचा ठसा. वहीत पहिली सही तोमिता त्सुनेजिरो या पोराची आहे, कानोंच्याच घरी वाढलेल्या. नंतर एक बुटका, मांजरासारखा चपळ मुलगा येतो, आइझूचा. पुढे त्याला साइगो शिरो म्हणून सगळे ओळखतील.

मंदिराचे पुजारी हैराण झाले आहेत. कुणी आपटलं की शेजारच्या दालनातल्या मृतांच्या नावांच्या पाट्या फळीवरून घरंगळतात, जमिनीखालचे वासे पिचतात. रात्री कानो स्वतः जोत्याखाली सरपटत जाऊन वाशांना टेकू लावतात. कंदील तुमच्या हातात आहे. कानोंच्या केसांत कोळिष्टकं अडकलेली दिसतात. सकाळी हाच माणूस शाळेत शिकवायला उभा राहणार, रात्री शिष्यांचा खर्च भागावा म्हणून भाषांतरं करत बसणार. शिष्यांकडून तो पैसे घेत नाही. ज्युदोच्या दर्जांबद्दल पुढे जे काही बोलायचं, ते हे दृश्य लक्षात ठेवूनच बोलावं असं मला वाटतं.

१८८३ च्या ऑगस्टपर्यंत डोजोने जागा बदलली आहे. त्या महिन्यात कानो तोमिता आणि साइगो या दोघांना ‘शोदान’ म्हणजे पहिला डॅन देतात. एक अठराच्या आसपासचा, दुसरा सतराचा. जगात आज लाखो लोक जो दर्जा कमरेला बांधून फिरतात त्याची सुरुवात या दोन पोरांपासून झाली.

डॅन हा शब्द कानोंनी घडवलेला नाही. गो या पटावरच्या खेळात खेळाडूंचे असे नऊ दर्जे एदो काळापासून, म्हणजे सामुराईंच्या दिवसांपासून, चालत आले होते. कानोंनी केलं ते असं, की गुंडाळ्यांमधली ओसाड वाट त्यांनी टप्प्यांनी भरून काढली. नवशिक्यांचे खाली तीन वर्ग, त्यांच्या वर पहिला डॅन, मग दुसरा, तिसरा, दहाव्यापर्यंत. त्यांचा विचार सरळ होता: दर्जा दर्जापासून फार लांब असला की शिकणाऱ्याचा हुरूप टिकत नाही. शिक्षक म्हणून त्यांनी मुलं पाहिली होती. पुढला टप्पा नजरेच्या पल्ल्यात असला की मूल चालतं, हे त्यांना वर्गात कळलं असणार.

स्वतः कानोंना डॅन नव्हता. द्यायला वर कुणी नव्हतं. पण त्यांचीही परीक्षा एकदा झाली होती. कितो-र्यू घराण्याचे त्यांचे गुरू इइकुबो त्सुनेतोशी त्यांना नेहमी फेकायचे. एका दिवशी कानोंनी इइकुबोंना फेकलं, पुन्हा फेकलं, आणि इइकुबोंचा एकही डाव लागेना. गुरूंनी विचारलं, कानोंनी सांगितलं: आधी तोल मोडायचा, मग डाव टाकायचा. इइकुबो म्हणाले, आता माझ्याकडे तुला शिकवण्यासारखं काही नाही. ज्युदोतली तोल मोडायची जी कला, कुझुशी, तिच्यावर आजही परीक्षकाची पहिली नजर जाते.

आता तुमची स्वतःची पाळी. १८८७ चा शरद ऋतू, फुजिमिचो. कोडोकान आता चाळीस तातामींचं झालं आहे. आज कोहाकु शिआई आहे, लाल विरुद्ध पांढऱ्या फळीच्या झुंजी. १८८४ पासून हे सामने चालू आहेत. दोन्ही फळ्या समोरासमोर गुडघे मोडून बसल्या आहेत, खालच्या दर्जाचे आधी आणि वरचे शेवटी. जिंकेल तो जागेवर थांबायचा आणि समोरच्या फळीतला पुढचा घ्यायचा. हरेल तो बसायचा. बरोबरी झाली तर दोघंही बसायचे.

आपल्याकडच्या आखाड्यात पंच वजन आणि अनुभव बघून जोड लावतात. इथे जोड कुणी लावत नाही. तुम्ही जिंकत राहिलात, तर दर झुंजीला तुमच्याहून वरचा माणूस पुढे येतो, आणि तुम्ही मात्र दर झुंजीला आधीपेक्षा दमलेले असता. परीक्षा याहून प्रामाणिक कशी असेल, मला सुचत नाही.

तुमचं नाव पुकारतात. अंगातल्या जाड सुती अंगरख्याच्या बाह्या कोपरापर्यंतच आहेत, चोळणा गुडघ्याच्या वर. लांब बाह्यांचा पोशाख यायला अजून वीसेक वर्षं आहेत. त्यामुळे धरायला कापड थोडं, आणि पडलात की कोपर सोलून निघतं. वाकून नमस्कार. समोरचा तुमच्याच वर्गातला, घाबरून ताठ उभा. तुम्ही त्याची कॉलर आणि बाही धरता, त्याला त्याच्याच उजव्या टाचेवर ढकलता आणि आपल्या पायाने तो पाय मागून कापता. ओ-सोतो-गारी. पाठ सपाट टेकली. पंचाचा हात वर.

दुसरा हुशार आहे, जवळ येऊ देत नाही. गोल गोल फिरवतो. तुमचा श्वास लागतो. मग त्याचं पाऊल पुढे पडायला आणि तुमचा तळवा त्याच्या घोट्याला लागायला एकच गाठ पडते, आणि पायाखालची तातामी कुणी ओढून घ्यावी तसा तो बसतो. डे-आशी-हाराई. हा डाव ताकदीने लागत नाही. वजन पावलावर पूर्ण पडण्याच्या किंचित आधी लागला तरच लागतो. भिंतीशी बसलेल्या जुन्या शिष्यांपैकी कुणीतरी हुंकार भरतो.

तिसरा काळ्या पट्ट्याचा. डॅन मिळालेल्यांनी काळा पट्टा बांधायची रीत नुकतीच, एखाद्या वर्षापूर्वी, सुरू झाली आहे. त्याआधी कोण कुठल्या दर्जाचा हे कपड्यांवरून कळतच नसे. त्याचा हात कॉलरला लागतो आणि तुम्हाला फुकुदांच्या खोलीतलं छत आठवतं. पाठ टेकली. नमस्कार. तुम्ही फळीत परत बसता, मांड्या थरथरतायत.

या सामन्यात सलग अनेकांना इप्पोनने, म्हणजे एका निर्णायक डावाने हरवलं तर त्याच दिवशी बढती मिळू शकते. तिला बात्सुगुन म्हणतात. तुम्ही दोघांना पाडलं, त्यामुळे आज काही होणार नाही. पण वहीत नोंद झाली. फुकुशिमाला उचलणाऱ्या कानोला नऊ वर्षांपूर्वी जे मिळालं नव्हतं ते तुम्हाला मिळालं: दोन विजय, एक हार, तारीख.

नुसत्या झुंजींवर बढती ठरत नाही. झुंज चांगली खेळणारा पण सरावात नवशिक्यांना दुखावणारा माणूस लांबणीवर पडू शकतो. डोजोत किती नियमाने येतो, कुणाशी कसा वागतो, डावामागचं तत्त्व त्याला कळलं आहे का, हेही मोजलं जातं. थंडीच्या कडाक्यात पहाटे अंधारात सुरू होणारा महिनाभराचा सराव, कांगेइको, पूर्ण केलेल्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात. पण मोजमापात माणूस आला की माणसाचे लळे-जिव्हाळेही येतात. साइगो शिरो पुढे कानो परदेशात असताना कोडोकान सोडून निघून गेले. १९२२ साली ते वारले, तेव्हा कानोंनी त्यांना मरणोत्तर सहावा डॅन दिला. तीस वर्षांत त्यांनी कुठली परीक्षा दिली नव्हती. कोडोकानचा दहावा डॅन पहिल्यांदा मिळाला तो १९३५ साली यामाशिता योशित्सुगु यांना, तोही त्यांच्या निधनानंतर. मला या दोन्ही गोष्टी नियमाविरुद्ध वाटत नाहीत. काही दर्जे कौशल्याचे असतात आणि काही ऋणाचे.

१९३५ आलंच आहे तर तिथेच थांबा. कोडोकान आता सुइदोबाशीला पाचशेहून जास्त तातामींच्या इमारतीत आहे. या वर्षी किमुरा मासाहिको नावाचा अठरा वर्षांचा तरुण कोडोकानमध्ये एकामागून एक आठ जणांना हरवून पाचवा डॅन मिळवतो. त्या वयात तो दर्जा आधी कुणाला मिळाला नव्हता. लोक त्याच्याबद्दल बोलतायत. तुम्ही मात्र दुसऱ्या दालनात या.

इथे काताची परीक्षा चालू आहे. काता म्हणजे ठरलेला क्रम: एक जण डाव टाकणारा, एक जण पडणारा, दोघांनाही पुढे काय आहे ते पाठ. नागे-नो-कातात पंधरा फेकी आहेत, तीन-तीनचे पाच गट, प्रत्येक फेक उजवीकडून आणि डावीकडून. पहिल्या डॅनसाठी पहिले तीन गट मागतात. नवख्याला वाटतं, जिथे हरायची भीतीच नाही ती कसली परीक्षा?

पडणाऱ्याच्या जागी तुम्ही उभे राहा म्हणजे कळेल. तोल मोडला जायच्या आधीच तुम्ही स्वतःहून पडलात, तर परीक्षकाला ते लगेच दिसतं. ताठ राहिलात, तर डाव मोडतो. खरंच ढकलायचं, खरंच ओढलं जायचं आणि ज्या क्षणी तोल जातो त्याच क्षणी जाऊ द्यायचा. पाय तातामीवरून सरकवत चालायचं, उचलायचे नाहीत. परीक्षक तोंडाने काही बोलत नाहीत. तुमची पावलं बघतात, मग खांदे, मग पुन्हा पावलं. पहिल्या गटातला तिसरा डाव येतो आणि समोरचा तुम्हाला खांद्यांवर आडवं उचलतो. काता-गुरुमा. मासळीवाल्या फुकुशिमाला उचलायला शोधलेला डाव आता परीक्षेचा प्रश्न झाला आहे.

याच इमारतीत बायकांचा विभाग आहे, जोशी-बु, १९२६ पासूनचा. इथल्या काळ्या पट्ट्याच्या मधून एक पांढरी रेघ जाते. एक अगदी लहानखुरी मुलगी आत येते, पाच फुटांचीही नसावी. फुकुदा केइको, वय बावीसच्या आसपास. निहोनबाशीच्या त्या हाडवैद्यांची ही नात. आपल्या गुरूंच्या घराण्यातलं कुणीतरी ज्युदो शिकावं म्हणून कानोंनीच तिला बोलावलं. कानो आता पंचाहत्तरीला आले आहेत. तीन वर्षांनी, मे १९३८ मध्ये, हिकावा मारू जहाजावर जपानला परतताना त्यांचा मृत्यू होईल.

केइको जु-नो-काता शिकते, ज्यात कुणी आपटत नाही, सगळं सावकाश आणि पूर्ण ताब्यात. कोहाकु शिआईत ती बसत नाही. बायकांना स्पर्धा मना आहे. आणि इथे कानोंच्या त्या उघड्या, प्रामाणिक मोजपट्टीला मोठी चीर दिसते. झुंजीचं दार बंद ठेवायचं आणि झुंजी नाहीत म्हणून वरचे दर्जेही बंद ठेवायचे. केइको लग्न न करता ज्युदोच शिकवायचं ठरवते. १९५३ मध्ये तिला पाचवा डॅन मिळतो. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये ती जु-नो-काता सादर करते. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत स्थायिक होऊन शिकवते. तिच्या हाताखाली शिकलेली माणसं पुढे जातात आणि ती पाचव्यावरच राहते, कारण बाईने पाचव्याच्या वर जायचं नाही असा नियम. शेवटी पत्रांची मोहीम झाली, नियम मोडला आणि १९७२ साली फुकुदांना सहावा डॅन मिळाला. एकोणीस वर्षं. नववा डॅन कोडोकानने २००६ मध्ये दिला, तेव्हा त्या ब्याण्णव वर्षांच्या होत्या. अमेरिकेतल्या संघटनेने २०११ साली दहावा दिला. २०१३ मध्ये, नव्याण्णवाव्या वर्षी, त्या गेल्या. हा उशीर त्यांच्या कौशल्याचा नव्हता, मोजणाऱ्यांचा होता. आणि तो अन्याय होता, असं स्पष्ट म्हणायला हवं.

ज्युदोपासून हे दर्जे इतरत्र पसरले. कराटे घेऊन ओकिनावाहून तोक्योला आलेल्या फुनाकोशी गिचिन यांनी १९२४ मध्ये कराटेतले पहिले डॅन दिले, ते कोडोकानची पद्धत पाहूनच. केंदोने, म्हणजे बांबूच्या तलवारीच्या विद्येने, ही पद्धत घेतली आणि तिला वेगळ्याच टोकाला नेलं. ते टोक बघायला मे महिन्यात क्योतोला जा. आठव्या डॅनच्या परीक्षेला बसायला वय किमान ४६ लागतं आणि सातवा डॅन मिळून दहा वर्षं झालेली लागतात. साठीचे, सत्तरीचे उमेदवार कपड्यावर क्रमांक लावून रांगेत उभे असतात. काही मिनिटांच्या झुंजी, वेगवेगळ्या माणसांशी. निकाल लागतो तेव्हा शंभरातला जेमतेम एक जण पास झालेला असतो. त्याला पट्टा मिळत नाही. केंदोत दर्जा दाखवणारा पट्टाच नाही. पास झालेला आणि नापास झालेला शेजारी शेजारी उभे राहिले तर कपड्यांवरून तुम्हाला फरक सांगता येणार नाही.

आणि तुमच्या ओळखीचे ते पिवळे, नारिंगी, हिरवे, निळे पट्टे? ते युरोपात रुजले. १९३० च्या दशकात पॅरिसला शिकवणाऱ्या कावाइशी मिकिनोसुके यांनी रंगांची ही शिडी लोकप्रिय केली. युरोपातल्या शिष्याला पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत एवढा काळ धीर धरवणार नाही, म्हणून टप्पे आणखी बारीक केले. विचार कानोंचाच होता, फक्त आणखी पुढे नेलेला. तीच शिडी पुढे जगभरच्या कराटेच्या वर्गांतही पोचली, आणि महाराष्ट्रात ठिकठिकाणी, शाळेच्या मैदानावर नाहीतर सोसायटीच्या गच्चीवर, पांढऱ्या कपड्यांतली मुलं तिच्यावर चढताना दिसतात.

या प्रवासातून तुम्ही परत याल ते कदाचित अशाच एखाद्या गच्चीवर. मुलाच्या बेल्टची परीक्षा आहे, फीची पावती हातात आहे. बारीक टप्प्यांत काही वाईट नाही. कानोंनी ते मुद्दाम केले आणि त्यामुळेच त्यांची विद्या टिकली. पण प्रत्येक टप्प्याला नोंद होती, समोर उभा राहणारा खरा माणूस होता, आणि उघड्या तातामीवर सगळ्यांसमोर हरायची शक्यता होती. ठरावीक महिन्यांनी ठरावीक फी आणि कुणीच नापास नाही, अशी परीक्षा असेल तर ती परीक्षा नव्हे, विक्री आहे.

म्हणून पालकांना एक विनंती. पुढच्या परीक्षेच्या दिवशी फी भरून गेटबाहेर थांबू नका. आत जाऊन शेवटपर्यंत बसा. परीक्षक मुलाची पावलं बघतात का, चुकलं तर थांबवून पुन्हा करायला लावतात का, आणि यंदा कोणाला ‘अजून नाही’ असं सांगितलं, हे सरांना सरळ विचारा. चांगल्या सरांना तो प्रश्न आवडतो.